किनाऱ्यास लागलेला माल : कोकणच्या एका वहिवाटीचा विचार

वादळात सापडून तारू फुटले आणि त्यातील माल लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकला, म्हणजे त्या मालावर तीन पक्षांची दृष्टी लागते. पहिला पक्ष मालाच्या धन्याचा. तो पुष्कळदा शेकडो कोसांवर असतो आणि त्याला ही वार्ता फार उशिरा कळते. दुसरा पक्ष त्या किनाऱ्याच्या राज्यकर्त्याचा. तिसरा पक्ष पहाटे ओहोटीच्या वेळी वाळूवर उतरलेल्या आणि पायाशी आलेले गाठोडे प्रथम पाहणाऱ्या गावकऱ्यांचा होय. ह्या तिघांपैकी पहिल्या दोघांचे म्हणणे करारांत, शिलालेखांत व कायद्यांच्या पुस्तकांत नमूद झाले आहे. तिसऱ्याचे म्हणणे बहुधा कोठेच नमूद नाही. तो इतिहासात येतो तो निषेधाचा विषय म्हणून. कोकणच्या किनाऱ्यावर ह्या तीन पक्षांचे संबंध कसे होते, आणि इ. स. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी इंग्रजांना ह्या बाबतीत दिलेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

(१)

घाटमाथ्यावरील नाशिकचा ह्या प्रश्नाशी काय संबंध, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. परंतु किनाऱ्यावर चुकून आलेल्या जहाजांवर हुकूम कोणाचा, ह्या वादाची पश्चिम भारतातील एक अतिप्राचीन साक्ष नाशिकच्या लेण्यांतील राजघराण्यांशीच निगडित आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराविषयी असे सांगितले आहे की, पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले. पुढे सत्तापालट झाल्यावर त्यास मोठा अडथळा आला, आणि एखादे ग्रीक जहाज योगायोगाने तेथे आलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेण्यात येई. ह्याच ग्रंथात भडोचकडील ज्या राजाचा उल्लेख येतो, तो क्षहरात नहपान होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या नहपानाचा जावई उषवदात ह्याचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत. शूर्पारकाचा निर्देश आणि उत्तर कोकण व दक्षिण गुजरातेतील नद्यांवर त्याने नावांनी फुकट उतार करून दिल्याची नोंद त्यांत आहे. नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्तीही त्याच टेकडीवर कोरलेली आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांच्या साठ्यात नहपानाची नाणी आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटविला आहे.

कल्याणला आलेले जहाज आणि किनाऱ्यावर फुटलेले जहाज ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे खरे. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. स्वतःच्या इच्छेने नव्हे, तर वाऱ्याच्या अगर दैवाच्या योगाने जे किनाऱ्याला लागले, त्याचे काय करावयाचे हे त्या किनाऱ्याचा स्वामी ठरवितो. सह्याद्रीच्या घाटवाटांवरील सत्तांनाही समुद्रतीरावरील ह्या अधिकाराची किंमत पूर्णपणे ठाऊक होती, एवढे ह्यावरून निश्चित म्हणता येईल.

(२)

ह्या अधिकाराविषयी भारतात दोन विचारप्रवाह फार पूर्वीपासून शेजारीशेजारी चालत आलेले दिसतात. एक जप्तीचा आणि दुसरा अभयाचा.

अभयाच्या प्रवाहाचा उगम अर्थशास्त्रात सापडतो. वादळाने भरकटलेल्या नावेवर नावाध्यक्षाने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा आणि पाण्याने भिजलेल्या मालाचे शुल्क माफ करावे अगर निम्मे घ्यावे, असा कौटिल्याचा विधी आहे. व्यवहारात मात्र जप्तीचीच चाल रूढ असावी. आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथील काकतीय राजा गणपतिदेव ह्याचा इ. स. १२४४ चा लेख ह्या दृष्टीने फार बोलका आहे. देशोदेशी जाणारी जहाजे वादळाने फुटून किनाऱ्याला लागली असता पूर्वीचे राजे त्यांतील सर्व चीजवस्तू बळाने हरण करीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि आपण ठरीव शुल्काखेरीज सर्व काही सोडून देत आहो, असे अभय गणपतिदेवाने व्यापाऱ्यांना दिले आहे. राजाने जे मुद्दाम सोडले त्याची चाल आधी असलीच पाहिजे. अर्थात हा लेख गणपतिदेवाच्या औदार्याचा जितका पुरावा आहे तितकाच जुन्या वहिवाटीचाही आहे.

मलबार किनाऱ्याविषयी इब्न बतूता ह्या चौदाव्या शतकातील प्रवाशाची साक्ष अशीच आहे. तेथील मुलखात फुटलेल्या जहाजाचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई. कालिकत तेवढे अपवाद होते. तेथे माल धन्याला परत मिळे, आणि ह्याच कारणाने ते शहर भरभराटीस येऊन परदेशी व्यापाऱ्यांची तेथे रीघ लागली, असे तो सांगतो. मार्को पोलोने एली ह्या बंदराविषयी लिहिताना जप्तीमागचे समर्थनही दिले आहे : तेथे येण्यास निघालेल्या जहाजाचा लोक सत्कार करीत, पण दुसरीकडे जावयाचे जहाज दैवगतीने तेथे आले तर ते देवानेच पाठविले असे समजून लुटीत.

ह्या साक्षी एकत्र पाहिल्या म्हणजे दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जप्तीची चाल ही केवळ कोकणची नव्हती. ती पश्चिम व पूर्व दोन्ही किनाऱ्यांवर पसरलेली होती. दुसरा असा की, जेथे ही चाल सोडण्यात आली तेथे ती सोडणारा राजाच होता. आपल्या बंदरात व्यापार ओढून आणण्यासाठी त्याने स्वतःच्या हक्कास आपण होऊन मर्यादा घातली. अभय हे राजाचे दान होते; व्यापाऱ्याचा तो हक्क नव्हता. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

(३)

इ. स. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडास निघाला. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि जेराल्ड ऑन्जियर हा तेथील गव्हर्नर होता. राजापूरच्या वखारीची १६६१ मध्ये झालेली लूट व तिची भरपाई हा जुना तंटा मिटवावा, आणि महाराजांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवावी, हे ह्या वकिलातीचे प्रयोजन होते. ६ जून रोजी झालेला राज्याभिषेक ऑक्सिंडेनने प्रत्यक्ष पाहिला. निराजीपंत हे महाराजांच्या वतीने आणि नारायण शेणवी हे इंग्रजांच्या वतीने ह्या बोलाचालींत मध्यस्थ होते.

इंग्रजांनी वीस कलमे मांडली. त्यांपैकी एक असे होते की, इंग्रजांची अथवा मुंबईच्या रहिवाशांची जहाजे महाराजांच्या किनाऱ्यावर फुटली, तर त्यांतील माल परत करावा. बाकीची बहुतेक कलमे मान्य होत असता ह्या कलमावर मात्र महाराजांकडून हरकत घेण्यात आली. ऑक्सिंडेनच्या वृत्तांतात तिचा आशय दिला आहे तो असा : वादळाने वा अन्य रीतीने किनाऱ्याला लागलेली जहाजे अगर माल परत करणे हे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे, ही सवलत इंग्रजांना दिली तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तोच हक्क सांगतील, आणि कित्येक पिढ्या चालत आलेली वहिवाट मोडल्यावाचून ती देता येणार नाही.

ह्या उत्तराचे दोन सोपे अर्थ लावले जाण्याचा संभव आहे आणि ते दोन्ही सदोष आहेत. बुडत्याच्या मालावर डोळा ठेवणारी ही लोभी वृत्ती होय, हा पहिला अर्थ. मराठी आरमाराला सरसकट चाचेगिरीच्या सदरात घालण्याची जी सवय पुढील काळातील इंग्रजी लेखनाला लागली, तिच्याशी हा अर्थ जुळता आहे. दुसरा अर्थ उलट टोकाचा : ह्यात केवळ स्वराज्याच्या हिताची दूरदृष्टी होती, आणि फुटलेल्या जहाजाच्या धन्यावर त्यामुळे काही अन्याय होत नव्हता. वस्तुतः धन्याचे नुकसान होत होते, हे नाकारण्याचे कारण नाही; कालिकतच्या राजाने ते ओळखले होते.

उत्तराची रचना लक्षपूर्वक पाहिली असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. त्यात मालाच्या किमतीचा उल्लेख नाही. आधार घेतला आहे तो कायद्याचा व वहिवाटीचा, आणि भीती व्यक्त केली आहे ती पायंड्याची. इंग्रज जे मागत होते ते गणपतिदेवाने दिले तसे सर्व व्यापाऱ्यांस सारखे अभय नव्हते. एका परकीय कंपनीला करारान्वये मिळणारा तो कायमचा हक्क होता. अभय देणारा राजा किनाऱ्याचा धनीच राहतो. असा करार करणारा राजा मात्र आपल्याच वाळूवर दुसऱ्याचा अधिकार लिहून देतो. पोर्तुगीजांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ परवान्यांच्या जोरावर समुद्रावर स्वामित्व सांगितले होते. सिद्दी जंजिऱ्यात होता. सिंधुदुर्गाची पायाभरणी होऊन अवघी दहा वर्षे लोटली होती. अशा वेळी किनाऱ्यावर चालणारा कायदा कोणाचा, हा प्रश्न एखाद्या फुटक्या गलबतातील गाठोड्यांहून फार मोठा होता. राज्याभिषेकाच्या आगेमागे हे उत्तर दिले गेले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

मराठी राज्यात व्यापाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी अनास्था होती, असे मात्र ह्यावरून समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमाराच्या प्रकरणी निराळाच सूर ऐकू येतो. कौलावाचून जाणाऱ्या परमुलखी सावकारी तरांड्यांनाही उपद्रव न करता दिलासा देऊन बंदरात आणावे, लाकूडपाण्याची सोय करावी आणि थोडी जकात घेऊन सोडावे, असा त्याचा आशय आहे. हा अभयाचा प्रवाह होय. करारातील हक्कास नकार आणि कौलाने दिलेले अभय ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नसून एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत.

(४)

इंग्रजांची मागणी कोणत्या पार्श्वभूमीवर होत होती, हेही पाहणे अगत्याचे आहे. त्यांच्या स्वतःच्या देशात किनाऱ्यास लागलेला बेवारशी माल हा राजाचा परंपरागत हक्क होता, आणि पुष्कळ ठिकाणी राजाने तो स्थानिक जमीनदारांना बहाल केला होता. इ. स. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ह्या हक्काला एक मर्यादा घातली होती. फुटलेल्या जहाजातून माणूस, कुत्रा अगर मांजर जरी जिवंत सुटले, तरी तो माल बेवारशी समजावयाचा नाही. तो एक वर्ष व एक दिवस राखून ठेवावयाचा आणि त्या मुदतीत धन्याने आपली मालकी सिद्ध केल्यास त्यास परत द्यावयाचा. कोणताही जीव न वाचला तरी मालकी सिद्ध करणाऱ्या धन्याचा हक्क नष्ट होत नाही, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांच्या निर्णयाने प्रस्थापित झाले ते १७७१ मध्ये, म्हणजे रायगडच्या करारानंतर सत्त्याण्णव वर्षांनी.

तेव्हा रायगडावर सुधारलेला कायदा एकीकडे आणि रानटी चाल दुसरीकडे, असा सामना नव्हता. दोन्ही बाजूंना राजाचा हक्क हेच मूळ तत्त्व होते. इंग्रजी कायद्याने धन्याला मुदत व पुराव्याची वाट दिली होती, हा त्याचा विशेष खरा. आणि महाराजांच्या उत्तरात तशा अपवादाचा निर्देश नाही, हेही खरे. परंतु जो अधिकार इंग्लंडचा राजा आपल्या किनाऱ्यावर सोडीत नव्हता, तो दुसऱ्या राजाने आपल्या किनाऱ्यावर सोडावा, असे इंग्रजांचे मागणे होते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

(५)

आतापर्यंतच्या विवेचनात राजे आहेत, वकील आहेत, कंपनी आहे. किनाऱ्यावरचा माणूस नाही. प्रत्यक्षात माल हाती लागे तो त्याच्याच.

कोकणची भूरचना ध्यानात घेतली म्हणजे हे सहज पटते. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर वा अखेरीस वादळात सापडलेले गलबत बाहेर समुद्रात लोटले न जाता खडकांकडे अगर खाडीच्या मुखाशी ढकलले जाते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद ठेवण्याची रूढी ह्याच अनुभवातून निर्माण झाली. तारू फुटले की धातू व जड जिन्नस तळाशी जातात. लाकूड, पिंपे, नारळ, कापडाच्या व कापसाच्या गाठी तरंगत येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्या भरतीच्या अगदी वरच्या रेषेपर्यंत चढतात आणि भांगाचे पाणी तेथवर पोचत नसल्याने पुढील उधाणापर्यंत तेथेच पडून राहतात. खाऱ्या पाण्यात भिजलेले कापड वेळीच धुऊन वाळविले नाही तर कुजते; धान्याचा तर थोड्याच दिवसांत नाश होतो. म्हणून अशा मालाची किंमत टिकते ती तो कोणी तत्काळ उचलून कोरड्या जागी नेला तरच. मुंबईत वा सुरतेत बसलेला धनी हे करू शकत नव्हता. रायगडावरील कारभारीही करू शकत नव्हता. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी ह्या दर्यावर्दी जातींच्या हातांवाचून हे काम होणारे नव्हते. बुडत्या खलाशांना बाहेर काढण्याचे कामही त्याच हातांचे होते.

राजाच्या हक्काचा गावकऱ्यांच्या दृष्टीने अर्थ काय होता, ह्याचा विचार ह्यामुळेच करावा लागतो. ‘माल सरकारचा’ असे म्हणताच तो जसा व्यापाऱ्याचा राहत नाही, तसाच वेचणाऱ्याचाही राहत नाही. कोकणचा कायदा इंग्रजांविरुद्ध सांगितला गेला. पण त्याची धार रोज लागत असली पाहिजे ती किनाऱ्यावरील रयतेलाच, असे अनुमान करण्यास हरकत नाही. आज्ञापत्रात आरमाराकरिता लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये, झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन मगच तोडावे, अशी सक्त ताकीद आहे. लावलेल्या झाडावर रयतेची मालकी राज्याने इतक्या आस्थेने मानली. समुद्राने आणून टाकलेल्या वस्तूवर तशी मालकी मानणे राजहक्काच्या तत्त्वात बसणारे नव्हते. झाडामागे रयतेचे श्रम दिसत होते. वाळूवरील गाठोड्यामागचे श्रम, म्हणजे ते लाटांतून ओढून काढण्याचे श्रम, सहज दिसत नव्हते.

ह्या श्रमांना कायद्यात स्थान मिळाले ते पुढे. ज्याने माल वाचविला त्यास त्याबद्दल वाजवी मोबदला मिळावा, हे तत्त्व युरोपीय नौकानयनाच्या कायद्यात वाढत गेले आणि इंग्रजी अमलाबरोबर ते येथे आले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने एकीकडे जहाज फसविण्यासाठी खोटा दिवा दाखविणे आणि चोरीच्या इराद्याने जहाज किनाऱ्यावर घालणे हे गुन्हे ठरविले. दुसरीकडे, सापडलेली वस्तू धन्यास परत देण्याच्या हेतूने जो जपून ठेवतो तो गुन्हेगार नव्हे, असा खुलासाही तीत केला. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने हीच चौकट कायम ठेवली. सापडलेला माल त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, धन्याने एक वर्षाच्या आत हक्क सांगावयाचा, वाचविणाऱ्यास मोबदला मिळावयाचा आणि कोणीही पुढे न आल्यास माल सरकारजमा व्हावयाचा, अशी ती व्यवस्था होती. जुन्या तिन्ही पक्षांना तीत जागा मिळाली. तथापि क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : धनी प्रथम, वाचविणारा मोबदल्यापुरता, आणि शेवटचा वारस पुन्हा सरकारच.

भूमिगत निधीच्या कायद्याशी तुलना केली असता हा क्रम अधिक स्पष्ट होतो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या निधीवर दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध न झाल्यास, आणि सरकारने तो स्वतः विकत घेतला नाही तर, सर्वसाधारणपणे तीनचतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला व उरलेला जमिनीच्या मालकाला मिळावयाचा. जमिनीने दिलेल्या वस्तूत शोधणारा वाटेकरी ठरतो. समुद्राने दिलेल्या वस्तूत तो केवळ मोबदल्याचा मागणीदार राहतो.

(६)

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाही. २००७ च्या जानेवारीत इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ब्रॅन्सकोम येथे ‘एमएससी नापोली’ हे जहाज वाळूवर चढविण्यात आले, तेव्हा त्यातून वाहून आलेल्या मोटारसायकली व इतर माल नेण्यासाठी दूरदूरच्या लोकांनी किनाऱ्यावर गर्दी केली. अखेर किनारा बंद करून नेलेला माल कळविण्याची सक्ती सरकारला करावी लागली. सातशेहून अधिक वर्षांच्या कायद्यानंतरही ‘समुद्राने दिले ते आपले’ ही भावना लोकांच्या मनातून गेली नव्हती, हे ह्यावरून दिसते. ती भावना कोकणातील लोकांचा विशेष दुर्गुण नव्हे, हेही त्याबरोबरच सिद्ध होते.

मुंबई बंदराबाहेर ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ ह्या जहाजांची टक्कर होऊन शेकडो कंटेनर समुद्रात पडले. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर असलेले जहाज बुडाले. त्यांपैकी १३ कंटेनरांत धोकादायक माल होता. दोन्ही प्रसंगी सरकारचा लोकांना आदेश एकच होता : वाहून आलेल्या वस्तूंना हात लावू नका. ह्या निषेधाचे कारण मात्र बदलले आहे. मराठेशाहीत माल राजाचा म्हणून हात लावावयाचा नव्हता. आता तो विषारी असू शकतो म्हणून लावावयाचा नाही. किनाऱ्यावरील माणसाचे स्थान मात्र फारसे बदललेले नाही. वाहून आलेल्या मालात त्याचा वाटा नाही. त्या मालाने मासेमारी बंद पडली तर तोटा मात्र त्याचा आहे.

१६७४ च्या उत्तराचा अर्थ लावताना ही दीर्घ परंपरा दृष्टीसमोर असणे आवश्यक आहे. त्या उत्तरात लोभापेक्षा स्वामित्वाचा विचार प्रधान होता, आणि परकीय हक्कापासून आपला किनारा राखण्याची ती कायदेशीर भाषा होती. मात्र त्या कायद्याने किनारा राखला तो राज्यासाठी. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याची दखल त्यात नव्हती, आणि समोरच्या पक्षाच्या मागणीतही नव्हती. फुटलेल्या तारवांविषयीचे जे कागद मराठी व इंग्रजी दप्तरांत आहेत, त्यांचे वाचन आजवर मुख्यतः सत्तांच्या परस्परसंबंधांसाठी झाले. ज्या ठिकाणी त्यांत ‘लूट’ हा शब्द येतो, तेथे माल कोणी उचलला, कोणत्या ऋतूत उचलला, खलाशांचे जीव कोणी वाचविले आणि त्या श्रमांचे काय मोल झाले, हे प्रश्न विचारीत तेच कागद पुन्हा वाचले गेले पाहिजेत. तसे झाल्यास कोकणच्या किनाऱ्याच्या इतिहासात आजवर केवळ आरोपी म्हणून उभा असलेला माणूस साक्षीदार म्हणूनही बोलू लागेल.